पोस्टाची चिठ्ठी वाचता आली, याचा आनंद मानायचा का?

ताई, नमस्कार.

मी सांगलीची. इंग्रजीत एम.ए. केलं आणि गेल्या ऑगस्टपासून जेट या, परदेशी तरुणांना जपानी शाळांत नेमणाऱ्या सरकारी कार्यक्रमातून जपानमध्ये एएलटी, म्हणजे इंग्रजीची सहायक शिक्षिका आहे. ओकायामा प्रांताच्या उत्तरेला, त्सुयामाजवळचं एक गाव. एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत. प्राथमिकला मजा येते. माध्यमिकला मात्र मी फळ्याच्या कोपऱ्यात उभी असते. सर खूण करतात, मी धडा मोठ्यानं वाचते, मुलं माझ्यामागून म्हणतात, झालं माझं काम. स्टाफरूममध्ये सगळे माना खाली घालून बसलेले. पुण्यातल्या मैत्रिणीला यंदा बढती मिळाली. काका योगेंद्र पुराणिकांच्या बातम्या पाठवतात, 'बघ, आपला माणूस जपानी शाळेत मुख्याध्यापक झाला.' आई रोज विचारते, 'आज काय नवीन?' मी म्हणते, 'काही नाही.'

खरं तर रोज काहीतरी असतं, पण सांगायची लाज वाटते. मागच्या आठवड्यात पार्सलवाल्यानं दारात टाकलेली चिठ्ठी मला वाचता आली, फोन करून जपानीत पार्सल परत मागवलं आणि खोलीत एकटीच नाचले. सुपरमार्केटात तिसरीतल्या एका मुलानं आईचा हात सोडून माझ्या टोपलीतल्या वस्तूंची नावं इंग्रजीत सांगितली: एग, मिल्क, टोमॅटो. माध्यमिकच्या एका अबोल मुलीनं स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, एइकेनच्या, म्हणजे इथल्या इंग्रजी परीक्षेच्या, मुलाखतीचा सराव घ्याल का? दिवसभर मी हवेत होते. मग रात्री वाटतं, यात काय आहे? मी स्वतःची समजूत घालतेय का? करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे फेब्रुवारीच्या सुरुवातीला कळवायचंय. राहू की परत येऊ? आणि आई एप्रिलमध्ये पंधरा दिवस येतेय, तिला काय दाखवू?

– अ., ओकायामा

प्रिय अ.,

नाचलीस ते योग्यच केलंस. मीही जपानमध्ये शिकवत होते, ती चिठ्ठी मला चांगली ठाऊक आहे. घरी कोणी नव्हतं म्हणून पार्सल परत नेलं, पुन्हा कधी आणू ते कळवा, एवढाच मजकूर. पण सगळा बारीक टायपातल्या कांजीत, म्हणजे चिनी अक्षरांत, चौकटी आणि आकड्यांच्या गर्दीत. समोरासमोर बोलताना निदान हात हलवता येतात, चेहरा वाचता येतो, वस्तूकडे बोट दाखवता येतं. फोनवर यातलं काहीच नसतं. आल्यापासून पाच-सहा महिन्यांत परक्या भाषेत फोनवर काम करून घेणं ही खरोखरची मजल आहे, आणि ते तुझ्या पायांना तुझ्या डोक्याच्या आधी कळलं.

मला खटकलं ते वेगळंच. खरं यश दुसरीकडे कुठेतरी असतं, बढतीत, पदात, बातमीत. आपल्याला ते मिळत नाही म्हणून आपण या फुटकळ आनंदांवर मन रमवतोय, असं तू धरून चालली आहेस. हे मला अजिबात मान्य नाही. तू जे काम करतेस त्यात यश याच आकाराचं येतं. त्याहून मोठं झालेलं ते शिकवणाऱ्याला बहुधा दिसतच नाही, कारण तोवर मूल शाळेतून निघून गेलेलं असतं.

हिशोबच करून बघ. जपानमध्ये 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35. प्राथमिक शाळेतला तास 45 मिनिटांचा. म्हणजे तिसरीतलं पोर आठवड्यातून एकदा पाऊण तास इंग्रजी ऐकतं, आणि शाळेबाहेर पडलं की त्याला इंग्रजीची गरज कुठेच पडत नाही; घरात नाही, दुकानात नाही, खेळताना नाही. एवढ्यात ते किती इंग्रजी शिकणार? थोडंसंच. पण परक्या माणसापुढे परक्या भाषेत तोंड उघडलं तर काही बिघडत नाही, हे ते नक्की शिकू शकतं. ते कुठल्याही प्रगतिपुस्तकात लिहिलं जात नाही. तुझ्या टोपलीत डोकावून 'एग, मिल्क, टोमॅटो' म्हणणारा मुलगा नेमकं तेवढं शिकला आहे. तिथे शिक्षक नव्हते, गुण नव्हते, कोणी विचारलंही नव्हतं. त्यानं आईचा हात सोडला! तिसरीच्या वर्षाचा अभ्यासक्रम यापेक्षा जास्त काय मागतो, मला सांग.

आणि त्या मुलीचं तर मी आणखी ठासून सांगेन. जपानी शाळेत स्टाफरूमच्या दारात येणं म्हणजे काय असतं ते तू रोज बघतेस. दार वाजवायचं, 'शित्सुरेइ शिमासु' (माफ करा, आत येते) म्हणायचं, आपली इयत्ता, तुकडी, नाव, कोणत्या सरांकडे किंवा बाईंकडे काम आहे, हे सगळं खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. पाचपंचवीस मोठी माणसं मान वर करून बघतात. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीनं हे सगळं केलं आणि शेवटी नाव घेतलं ते तुझं. ती ते वाक्य घरी किती वेळा घोकून आली असेल! तू लिहितेस, 'यात काय आहे?' यात तिचं अख्खं धाडस आहे, आणि तुझ्यावरचा विश्वास आहे.

तर आधी तिच्या सरावाबद्दल, कारण ते सगळ्यांत तातडीचं आहे. माध्यमिकची मुलं साधारणपणे एइकेनची तिसरी श्रेणी देतात, तीच असं धरून लिहिते. तिच्या तोंडी परीक्षेत कार्डावरचा छोटा उतारा आधी मनात आणि मग मोठ्यानं वाचायचा असतो, नंतर काही प्रश्न उताऱ्यावर आणि चित्रावर, काही तिच्या स्वतःबद्दल. मुलं अडतात ती सहसा उताऱ्यावर नाही, खोलीत शिरताना. म्हणून सराव रिकाम्या वर्गात घे आणि दारापासून घे. तिला बाहेर उभी कर, दार वाजवायला लाव, 'मे आय कम इन?' म्हणायला लाव, कार्ड हातात दे, 'थँक यू' येईपर्यंत थांब. प्रश्न कळला नाही तर पुन्हा सांगा असं म्हणता येतं आणि त्यात गैर काही नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांग. रोज दहा मिनिटं पुरेत. ती पास झाली तर आनंदच, पण निकालावर या कामाचं माप ठरवू नकोस. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात आली, की तुझं जमलं.

आता माध्यमिकचा तो कोपरा. तिथे तुला वाईट वाटतं ते मी हलकं करून सांगणार नाही. पन्नास मिनिटांत दोन वेळा धडा वाचून गप्प उभं राहणं शिकलेल्या माणसाला जड जातं. पण तुझे सर तुला मुद्दाम बाजूला ठेवतात असं मला वाटत नाही. जपानमधल्या माध्यमिक शिक्षकाला शिकवण्याखेरीज वर्गाची जबाबदारी, शाळेनंतरचे क्लब, पालकांचे फोन, कागदपत्रं असा डोंगर असतो, आणि हिवाळ्याच्या शेवटी तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या हायस्कूल प्रवेशपरीक्षा डोक्यावर असतात. 'मी काय करू?' असं तू विचारलंस की त्यांच्या कामात आणखी एका कामाची भर पडते. त्याऐवजी आदल्या दिवशी दुपारी अर्ध्या पानावर पाच मिनिटांचा एक तयार प्रकार लिही, खाली मोडक्यातोडक्या जपानीत दोन ओळी, आणि टेबलावर ठेवून दे. पहिले काही कागद तसेच पडून राहतील. राहू देत. एके दिवशी तास संपायला पाच मिनिटं उरतील, सर तुझ्याकडे वळतील, आणि तो कागद त्यांच्या हातात असेल.

आणि धडा वाचणं हेही काम चांगलं करता येतं. एकदा नीट वाच. दुसऱ्यांदा वाचताना मधेच शब्द बदल: 'डॉग'च्या जागी 'फ्रॉग', 'यस्टरडे'च्या जागी 'टुमॉरो'. मुलांनी पकडायचं. पकडायचं असेल तर ऐकावं लागतं, आणि बाईंची चूक पकडायला मागच्या बाकावरची मुलंही जागी होतात. यासाठी सरांची वेगळी तयारी लागत नाही, नुसती परवानगी लागते.

प्रश्न विचारल्यावर वर्गात शांतता पसरते, असं तू पत्रात लिहिलं नाहीस, पण पसरत असणारच. तिला घाबरू नकोस आणि ती भरून काढायला लगेच उत्तरही देऊ नकोस. आधी शेजाऱ्याशी बोलायला दोन मिनिटं दे. मुलं कुजबुजून खात्री करून घेतात, मग हात वर येतात. मी मराठी शाळेत शिकले तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं 2000 साली. पाचवीच्या पोरीला 'उभी राहा आणि इंग्रजीत सांग' म्हटलं की पोटात काय होतं, ते मला अजून आठवतं. म्हणून मला वाटतं की आपल्याकडून जाणाऱ्या शिक्षकाची खरी शिदोरी हीच आहे. इंग्रजी आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेली नाही, ती आपण बाकावर बसून, चुकत, शिकलो. त्या मुलांना हे सांग. तू सांगलीत इंग्रजी कशी शिकलीस, कोणत्या शब्दाला अडखळत होतीस, हे सोप्या इंग्रजीत सांग. ती कान टवकारतील.

मी शिकवायचे ते गाव सेतो समुद्राच्या काठचं होतं. पाचवीतला एक मुलगा वर्गात माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. जेवणानंतर सगळी शाळा झाडलोटीला लागते, तेव्हा मीही फडकं घेऊन त्याच्याच वऱ्हांड्यात जाऊ लागले. गुडघ्यांवर बसून लादी पुसताना बाई आणि विद्यार्थी यांच्यातलं अंतर आपसूक कमी होतं. एके दिवशी त्यानं खाली बघतच म्हटलं, 'बकेट, प्लीज.' मी बादली सरकवली. तो 'थँक यू' म्हणाला आणि पुसत पुढे गेला. त्या गावातल्या माझ्या सगळ्या आठवणींत ही मला सगळ्यांत वर ठेवावीशी वाटते. कारण त्याला खरंच बादली हवी होती, आणि ती मागायला त्यानं इंग्रजी वापरलं. भाषा याचसाठी असते.

म्हणून तासांवर जेवढा जीव टाकतेस तेवढाच तासांच्या मधल्या वेळेवर टाक. झाडलोटीला जा. क्यूशोकूच्या, म्हणजे शाळेतल्या जेवणाच्या, वेळी स्टाफरूममध्ये न बसता कुठल्यातरी वर्गात बसून जेव. शाळेचं जेवण घेत नसशील तर आपला डबा घेऊन जा. पांढरी टोपी आणि एप्रन घालून भात वाढणारी पोरं, सगळ्यांचं वाढून होईपर्यंत न जेवता थांबलेला वर्ग, मग एकदम 'इतादाकिमासु', हे जेवणाआधीचं म्हणणं! रोज बघूनही याचा कंटाळा येत नाही. शाळेतल्या या जेवणाची सुरुवात 1889 साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकामध्ये एका देवळातल्या शाळेत झाली असं सांगतात. गरीब मुलांसाठी भाताचे गोळे, भाजलेला मासा, लोणचं. आज त्याभोवती एवढी शिस्त आणि एवढा आनंद उभा आहे.

याच महिन्यात तुझ्यासाठी एक चांगली संधी आहे. 24 ते 30 जानेवारी हा जपानभर शालेय जेवणाचा सप्ताह असतो, आणि 22 जानेवारी हा करीचा दिवस, कारण 1982 साली त्या दिवशी देशभरच्या शाळांत करी वाढायचं ठरलं होतं. जपानी मुलांना करी-राइस प्राणप्रिय. त्या करीचा पिवळा रंग हळदीचा, आणि तू सांगलीची! सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शाळेच्या आहारतज्ज्ञ बाईंना भेट, जेवताना स्पीकरवरून मुलं जी माहिती सांगतात त्यात तीन मिनिटं माग. चार वाक्यं सोप्या इंग्रजीत, तीच जपानीत एखाद्या विद्यार्थ्याकडून. तुझं गाव, हळदीचा बाजार, ताटातला रंग. दुसऱ्या दिवशी मुलं तुला अडवून हळदीबद्दल विचारतील, आणि तू कोपऱ्यातली बाई राहणार नाहीस.

आणखी एक, आणि हे मला मनापासून आवडतं. मुलांची नावं देवनागरीत लिहून दे. जपानी मुळाक्षरांचा तक्ता तू पाहिलासच: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या ओळखीचा वाटतो त्याला कारण आहे. बौद्ध भिक्षू संस्कृत शिकले, सिद्धम् लिपी शिकले, आणि त्या वर्णमालेच्या वळणावर जपानी अक्षरांचा तक्ता बसवला गेला. तुझ्या गावच्या देवळाच्या आवारात दगडी स्मारकांवर किंवा कबरींमागच्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् बीजाक्षरं नीट शोधलीस तर सापडतील. मुलांना हा तक्ता आणि आपली बाराखडी शेजारीशेजारी मांडून दाखव, मग प्रत्येकाला आपलं नाव स्वतः जुळवू दे. जपानी नावं देवनागरीत फार छान बसतात. शिरोरेघ ओढताना मुलांचे चेहरे बघ. इंग्रजीच्या तासाला हे कशाला, असं कोणी विचारलं तर सांग की जगात इंग्रजीखेरीजही भाषा आहेत हे कळलेलं मूल इंग्रजीला कमी घाबरतं.

स्टाफरूमच्या शांततेबद्दल थोडक्यात. ती तुझ्यावरचा राग नाही, कामाचा भार आहे. सुरुवात शिक्षकांपासून करू नकोस. आरोग्यकक्षातल्या बाई, ग्रंथालयातल्या बाई, शाळेची डागडुजी करणारे काका, यांच्याकडे बोलायला थोडा अधिक वेळ असतो. वर्गात बसवत नाही अशी मुलं बऱ्याचदा आरोग्यकक्षात येऊन बसतात; तिथल्या बाईंशी ओळख झाली तर त्या मुलांशीही होईल. कुठे फिरून आलीस तर खाऊचा खोका आणून प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेव. आणि निघताना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' (तुमच्याआधी निघते, माफ करा) स्पष्ट म्हण. माना खालीच राहतील, पण सगळ्या खोलीतून एकदम 'ओत्सुकारेसामा देशिता' (दमलीस, छान काम केलंस) येईल. तो आवाज रोज मिळणारा आनंद आहे, तो अंगावर घे.

शाळेबाहेरच्या सुखांबद्दल माझं एकच सांगणं. ती नवनवी शोधत फिरण्यापेक्षा तीच ती पुन्हा घे. शेताच्या कडेला बिनमाणसाची भाजीची फळी असते, शंभर येन डब्यात टाकून मुळा न्यायचा. दर शनिवारी तिथूनच घे. एकाच टोफूवाल्याकडे जा. एकाच वेळेच्या बसनं जा. काही आठवड्यांनी फळीची मालकीण आजी तुला गाठेल, मुळ्याचा पाला कसा करायचा ते सांगेल, आणि तू पाल्याची पीठ पेरलेली भाजी करून तिला नेऊन देशील. गावाकडची बोली तिच्याकडूनच शिक. ओकायामाचं 'देरे', म्हणजे 'फार', कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण तू एकदा 'देरे ओइशी' (फार चविष्ट) म्हटलंस की आजीचा चेहरा फुलेल. ओकुत्सु आणि युनोगो ही गरम पाण्याची ठिकाणंही तुला फार लांब नाहीत. सगळ्यांसमोर कपडे काढून पाण्यात उतरायचं म्हटल्यावर आपल्या मुलींचा जीव वर-खाली होतो, हे मला माहीत आहे. पण बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून बघ. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. हे आनंद एकटेपणावरचं औषध नाहीत. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आठवडाभर कोणाशी मनातलं बोललोच नाही, असं व्हायला लागलं तर ते छोट्या विजयांच्या वहीत दडवू नकोस. शिक्षण मंडळातल्या तुझ्या संपर्काच्या माणसाला सांग, घरी सांग. जपानमध्ये 'टेल' नावाची संस्था 1973 पासून इंग्रजीतून अशा वेळी ऐकून घेण्याचं, समुपदेशनाचं काम करते. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही. तरी माहीत असावं.

आता काका, मैत्रीण आणि आई. पुराणिक 2019 साली टोकियोच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले, 2023 मध्ये इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउराच्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. काकांना अभिमान वाटतो, मलाही वाटतो. पण त्याआधी ते कितीतरी वर्षं जपानमध्ये राहिले, तिथे नोकऱ्या केल्या, तिथले नागरिक झाले. त्या सगळ्या वर्षांत त्यांनाही कधीतरी पार्सलची चिठ्ठी पहिल्यांदा वाचता आली असणारच. मैत्रिणीच्या बढतीचं मनापासून अभिनंदन कर आणि विषय सोड. तिचं काम वर्षाच्या शेवटी मोजतात, तुझं तसं मोजता येत नाही.

आईला 'काही नाही' म्हणणं आजपासून बंद. सांगलीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तुझ्याकडे साडेनऊ झालेले असतात, दिवस संपलेला असतो. त्यातली एकच गोष्ट सांग, पण पूर्ण सांग. 'मुलानं इंग्रजीत नावं घेतली' एवढं नको. टोपलीत काय होतं, त्यानं टोमॅटोकडे कसं बोट दाखवलं, त्याची आई किती वेळा वाकली, तू काय म्हणालीस. आईला बढतीची बातमी नको असते गं, तिला तुझा दिवस डोळ्यांपुढे आणायचा असतो. आणि सांगता सांगता त्या प्रसंगाची किंमत तुझी तुलाच कळेल.

राहायचं की नाही? माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते: आणखी एक वर्ष राहा. पण हे आनंद मिळतात म्हणून नव्हे. छोटे आनंद सांगलीतही मिळतील. कारण दुसरं आहे. तुझ्याकडे प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही शाळा आहेत. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होईल, तेव्हा तुझी सहावीची मुलं माध्यमिकला येतील. नवा गणवेश, नवी इमारत, वरच्या वर्गातली थोराड मुलं, दुसऱ्या शाळेतून आलेले अनोळखी चेहरे. शिक्षकांच्या बदल्याही मार्चअखेर होतात, त्यामुळे कदाचित इंग्रजीचे सरही नवे असतील. त्या वर्गात जिला ती मुलं आधीपासून ओळखतात अशी शिक्षिका तूच असशील, आणि कोणाला काय येतं, कोण कशाला घाबरतं, हे सरांना सांगू शकणारीही तूच. पहिल्या वर्षी तुला जे करता आलं नाही ते दुसऱ्या वर्षी याच एका गोष्टीमुळे करता येईल. कोपरा तिथेच सुटेल.

त्यापुढचं मात्र आपोआप लांबवू नकोस. करार वर्षावर्षाचा आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं वाढतो, आणि या नोकरीला वरची पायरी नाही. म्हणून या वर्षाला एक निश्चित काम जोड. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. डिसेंबरसाठी एन थ्री, तिची मधली पातळी, धर. शाळेतली जपानी रोज कानावर पडतेय, तेव्हा जमेल. पुण्यात जपानी येणाऱ्यांना काम मिळतं, आणि जपानी शाळेत दोन वर्षं उभी राहिलेली इंग्रजीची शिक्षिका तिथे फारशी कोणी नसते. परत येणं म्हणजे माघार, असं मनात आणू नकोस. पुढच्या वर्षी या दिवसांत हाच प्रश्न पुन्हा नव्यानं सोडव.

आणि आई. पंधरा दिवसांतले चार क्योतो-टोकियोला दे, बाकी सगळे गावात. एप्रिलच्या सुरुवातीला येत असेल तर त्सुयामाला किल्ल्याच्या चौथऱ्यांवरचं काकुझान उद्यान बघा, तिथे हजारेक चेरीची झाडं आहेत. एक दिवस ओकायामा शहरात जाऊन कोराकुएन बाग दाखव. 1700 साली पूर्ण झालेली ती बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं करवून घेतली. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पुणे-ओकायामा मैत्री उद्यान तिच्याच धर्तीवर केलेलं आहे, आई कधी तिथे गेली असेल तर पूल आणि पाणी बघून लगेच ओळखेल. पलीकडे नदीपार काळा किल्ला दिसतो.

तिला भाजीच्या फळीवर ने, टोफूवाल्याकडे ने, आजीशी गाठ घालून दे. शाळा दाखवता येईल का हे उपमुख्याध्यापकांना मार्चमध्येच विचारून ठेव. एप्रिलचा पहिला आठवडा प्रवेश समारंभाच्या गडबडीत जातो, त्यामुळे त्यानंतरचा दिवस माग. परवानगी मिळाली तर तिला प्राथमिकच्या एखाद्या वर्गात तुझ्याशेजारी उभी कर आणि मुलांना तिला इंग्रजीत प्रश्न विचारू दे. येताना तिला चुरमुरे, फरसाण आणायला सांग, स्टाफरूममध्ये वाटायला. आणि लेस नसलेले, उभ्याउभ्या काढता-घालता येतील असे बूट घालून ये म्हणावं. शाळेत, देवळात, आजीच्या घरी, सगळीकडे दारातच काढावे लागतील.

– तुझी ताई